कोहिनूरच्या दारात अडकलेला सिनेमा: दादा कोंडकेंकडून शिकायचा धंदा



मागच्या महिन्यात विरारच्या बॅचमध्ये एक मुलगा शेवटपर्यंत थांबून राहिला. सगळे गेल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, बाबांचे व्हीआरएसचे आठ लाख आलेत. नालासोपाऱ्यात गेमिंग कॅफे टाकायचाय. गाळा बघून ठेवलाय. टोकन देऊ का?"

मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब. दोन दिवसांनी त्याला जे सांगितलं त्याचा व्हिडिओ चॅनलवर आलाच आहे. पण पंधरा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, आणि "मॅडम, ते आकडे परत एकदा लिहून द्या" असे मेसेज खूप आले. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

गेमिंग कॅफे म्हणजे करमणुकीचा धंदा. म्हणून मी त्याला करमणुकीच्या धंद्यातल्याच एका माणसाची गोष्ट सांगितली: दादा कोंडके. तो हसला. तुम्हीही हसला असाल. दादांचं नाव घेतलं की लोकांना हाफ पँट आणि लोंबणारी नाडी आठवते, नाहीतर द्व्यर्थी संवाद. मी मात्र त्यांच्याकडे दुकानदाराच्या नजरेने बघते, आणि मला दिसतो तो आपल्यासारखाच काउंटरवर उभा राहिलेला माणूस.

कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२, नायगावचा. (आपलं वसईच्या अलीकडचं नायगाव नव्हे हं, दादर-परळच्या पट्ट्यातलं गिरणगावातलं नायगाव. बॅचमध्ये दरवेळी कोणीतरी हे विचारतंच.) मूळ गाव भोरकडचं. घरचे गिरणीत. स्वतः दादांनी बँडमध्ये वाजवलं, आणि महिना साठ रुपयांवर अपना बाजारमध्ये नोकरी केली. सेवा दलाच्या कलापथकात कामं केली. म्हणजे दिवसा जो माणूस डाळ-तांदूळ घ्यायला येतो, तोच संध्याकाळी समोर सतरंजीवर बसलेला. आपलं गिऱ्हाईक किती पैसे खिशात घेऊन फिरतं, कशावर हसतं, कशावर चिडतं, हे दादांना कोणत्या सर्व्हेतून कळलं नाही. रोज बघून कळलं.

माझे आजोबा त्याच गिऱ्हाइकातले. परळला गिरणीत होते. १९८२ च्या संपात सगळं गेलं आणि इथल्या पुष्कळ कुटुंबांसारखं आमचंही बिऱ्हाड लालबागहून विरारला आलं. आजोबांच्या तोंडून मी दादांच्या सिनेमांबद्दल इतकं ऐकलंय की सिनेमा बघायच्या आधीच मला सगळे सीन पाठ होते.

आता मुद्द्यावर येते.

'तुमचं गिऱ्हाईक कोण' असं मी बॅचमध्ये विचारते तेव्हा दहापैकी आठ जण सांगतात, "सगळेच, मॅडम." हे उत्तर नाही. दादांचं गिऱ्हाईक "सगळे" नव्हतं. गिरणी कामगार, गावाकडचा शेतकरी, एसटीने तालुक्याला येऊन सिनेमा बघणारा माणूस, हे त्यांचं गिऱ्हाईक. शहरातला शिकलेला वर्ग नाक मुरडणार हे त्यांना माहीत होतं. समीक्षक टीका करणार हेही माहीत होतं. त्यांनी त्या लोकांना खूश करायला माल बदलला नाही. 'सोंगाड्या'तला नाम्या हा भोळा, आईच्या धाकातला, गबाळा पोरगा. हिरोसारखा दिसतच नाही. पण पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाला तो आपल्या वाडीतला वाटला. त्या काळात पडद्यावर राजेश खन्ना होता, देव आनंद होता. त्यांच्याशी देखणेपणात स्पर्धा करायला गेले असते तर दादा पहिल्याच आठवड्यात संपले असते.

माझं विरार पूर्वेला मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, फॉल, अस्तर, परकर, लेस, बटणं. माझं गिऱ्हाईक म्हणजे चर्चगेटहून येणाऱ्या लोकलमधून उतरून, भाजी घेऊन, घरी जाता जाता सात ते नऊ या वेळात येणारी बाई. तिला वेळ नाही. तिला साडीचा पदर दाखवला की तीस सेकंदांत बरोबर शेड हातात पाहिजे. म्हणून मी दुकानात एसीवर खर्च केला नाही, लाइटवर केला. ट्यूबलाइटच्या उजेडात राणी कलर आणि डाळिंबी यात फसगत होते, बाई घरी जाऊन बघते आणि दुसऱ्या दिवशी परत करायला येते. गिऱ्हाईक ठरलं की खर्च कुठे करायचा हे आपोआप ठरतं. गिऱ्हाईक ठरलं नसेल तर तुम्ही सगळीकडे थोडा थोडा खर्च करता आणि कुठेच उठून दिसत नाही.

सिनेमाच्या आधीची वर्षं

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लोक हीच विसरतात. दादा कोंडके 'सोंगाड्या'ने एका रात्रीत मोठे झाले असं सगळ्यांना वाटतं. 'सोंगाड्या' आला १९७१ साली. त्याआधी १९६५ पासून ते 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य करत होते. लेखक वसंत सबनीस. गावोगाव, शहरोशहरी, हजाराच्या कितीतरी पुढे प्रयोग. मधे १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त काम केलं, म्हणजे सिनेमाचं काम दुसऱ्याच्या पैशावर, त्यातल्या सगळ्यात जाणत्या माणसाच्या हाताखाली बघून घेतलं. आणि मग स्वतःचा सिनेमा काढला.

आता लोकनाट्य आणि सिनेमा यांचा खर्च दुकानदारासारखा मांडून बघा. लोकनाट्यात कपडे, ढोलकी, एक पडदा. प्रयोग ठरला तर खर्च, नाही ठरला तर घरी बसा. आजचा प्रयोग पडला तर आजचेच पैसे गेले. सिनेमात उलटं. सगळा पैसा आधी घालायचा आणि मग थिएटरच्या बाहेर उभं राहून लोक येतात का बघायचं. एकदा रीळ डब्यात गेलं की विनोद बदलता येत नाही.

लोकनाट्यात तो रोज बदलता येतो. गण, गवळण झाली की बतावणी येते, आणि बतावणीत नट समोरच्या माणसांकडे बघून बोलतो. आज सकाळच्या पेपरातली बातमी संध्याकाळी त्यात. कालची कोटी पडली तर आज ती काढून टाकायची. दादा यात उस्ताद होते. विचार करा, हजारांवर रात्री समोर हजर असलेल्या गिऱ्हाइकाने तुमचा माल तपासून दिलाय, आणि त्याबद्दल तुम्हालाच तिकिटाचे पैसे दिलेत! वसंत सबनीस लेखक, नाम्याचा तोच भोळा-बेरकी बाज, तीच बोली, हे सगळं १९७१ ला पडद्यावर आलं तेव्हा नवीन नव्हतंच. फक्त पडद्यावर नवीन होतं.

बीबीएला आम्हाला याला पायलट टेस्टिंग वगैरे शिकवलं होतं. परीक्षेत मी ते छान लिहिलं. स्वतःच्या धंद्यात वापरलं नाही. ते पुढे सांगते.

त्या मुलाला मी म्हटलं, गाळा म्हणजे तुझा सिनेमा. तुझी 'विच्छा' कुठे आहे? तो गप्प. मग आम्ही बसून हिशोब केला. गाळ्याचं भाडं २२,०००. एसी आणि मशीनची वीज, ९,०००. एक मुलगा ठेवायचा, १०,०००. इंटरनेट आणि किरकोळ दुरुस्ती, ३,०००. झाले महिना ४४,०००. तासाला साठ रुपये दर धरला, कारण शाळा-कॉलेजची मुलं याच्यावर देणार नाहीत असं त्याचंच म्हणणं. ४४,००० भागिले ६०, म्हणजे ७३३ तास. सहा मशीन आहेत, म्हणजे एकेक मशीन महिन्याला १२२ तास, रोज साधारण चार तास चाललं पाहिजे. तीसही दिवस. परीक्षेच्या महिन्यातसुद्धा. पावसात लोकल बंद पडून अर्धं गाव घरी बसतं तेव्हासुद्धा.

आणि हे फक्त दिवे चालू ठेवायला. यात त्याचा पगार नाही. आत्ता नोकरीत १८,००० मिळतात, तेवढे तरी धरले तर महिना ६२,०००. मग १,०३३ तास, म्हणजे रोज प्रत्येक मशीन पावणेसहा तास. मशीनची झीज, डिपॉझिट, फर्निचर, बाबांच्या आठ लाखांवर बँकेत मिळालं असतं ते व्याज, यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

मी त्याला "करू नको" म्हटलं नाही. मी विचारलं, "रोज पावणेसहा तास चालेल हे तुला कशावरून माहीत आहे?" तो म्हणाला, "मित्र म्हणतात." मित्र तिकीट काढत नाहीत, हे लक्षात ठेवा.

कोहिनूर

'सोंगाड्या' तयार झाला. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये लागायचा होता. आणि ऐनवेळी थिएटरने मराठी सिनेमाऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरवलं. माल तयार आहे, पैसा अडकलेला आहे, गिऱ्हाईकही आहे, पण मधलं दार दुसऱ्याच्या हातात. दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर धडकले, आणि 'सोंगाड्या' कोहिनूरला लागला. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट लोक राजकारणाची म्हणून सांगतात, मनगटाच्या जोराची म्हणून सांगतात. बॅचमध्ये ही सांगितली की एखादा तरी म्हणतो, "म्हणजे मॅडम, ओळख पाहिजे." मला ते पटत नाही. तुमच्या आमच्यासाठी कोणी मोर्चा घेऊन येणार नाहीये. मी या गोष्टीकडे अशी बघते: सहा वर्षं माल पारखून घेतलेला माणूससुद्धा एका दारावर अडकू शकतो. माल चांगला असणं वेगळं आणि तो माल फळीवर लागणं वेगळं. दोन्ही कामं वेगळी आहेत, दोन्हीला वेगळी मेहनत आहे. आपण सगळे पहिल्या कामात जीव ओततो आणि दुसरं होईल आपोआप असं समजतो.

तुमचं कोहिनूर कोणतं ते शोधा. माझ्या ओळखीच्या एका ताई घरगुती मसाले करतात. सत्तर टक्के माल एकाच सुपर मार्केटला. त्या दुकानाने एका महिन्यात स्वतःच्या नावाची पाकिटं काढली आणि ताईंची खालच्या फळीवर नेली. भांडण नाही, नोटीस नाही. फक्त फळी बदलली. ताईंचा धंदा तीन महिन्यांत निम्म्यावर. कोणाचं सगळं इन्स्टाग्रामच्या एका अकाउंटवर आहे, कोणाचं एका शाळेच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरवर, कोणाचं एकाच ठेकेदारावर. एका दारातून निम्म्याहून जास्त विक्री होत असेल तर आजच दुसरं दार बघायला लागा. चांगले दिवस असतात तेव्हाच बघायचं. अडकल्यावर दुसऱ्या दारावर उभं राहिलात की तो तुमचा चेहरा बघूनच भाव पाडतो.

त्या ताई आता दर आठवड्याला पापडीच्या बाजारात बसतात. गिऱ्हाईक कमी, पण ते त्यांचं स्वतःचं. फोन नंबर वहीत.

पंचवीस आठवडे

रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात सलग पंचवीस आठवडे. दादांच्या नऊ चित्रपटांनी एकापाठोपाठ तो केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. 'सोंगाड्या'नंतर 'एकटा जीव सदाशिव' १९७२, 'आंधळा मारतो डोळा' १९७३, 'पांडू हवालदार' १९७५, 'तुमचं आमचं जमलं' १९७६, 'राम राम गंगाराम' १९७७, 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' १९७८. वर्ष बघा. एका वेळी एक. चार सिनेमे एकदम काढून भांडवल चार ठिकाणी अडकवलं नाही.

जाहिरातीवर पहिला आठवडा भरतो. दुसरा आठवडा मित्रांवर भरतो. पंचविसावा आठवडा कशावर भरतो? तोच माणूस दुसऱ्यांदा येतो, आणि येताना भावाला, मेहुण्याला घेऊन येतो. याच्याशिवाय दुसरा मार्ग नाही. आणि माणूस दुसऱ्यांदा येतो तो त्याला काय मिळणार हे माहीत असतं म्हणून. दादांचं तसंच होतं. तीच हाफ पँट, तीच नाडी, तोच भोळा चेहरा. नायिका म्हणून वर्षानुवर्षं उषा चव्हाण. गाणारे महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर. गोष्ट बदलायची, पण दुकानाची पाटी तीच.

माणसं टिकवण्याबद्दल एक सांगते. 'पांडू हवालदार' हा दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. त्यात त्यांनी संगीताला नवीन जोडी घेतली, सुरेंद्र आणि विजय पाटील, आणि त्यांना नाव दिलं राम-लक्ष्मण. अशोक सराफही याच सिनेमाने घराघरात पोचले. मोठी नावं घेऊन बजेट वाढवण्यापेक्षा चांगली, भुकेली माणसं हेरायची आणि सांभाळायची. जोडीतले राम, म्हणजे सुरेंद्र, लवकर गेले. पण विजय पाटलांनी नाव बदललं नाही, एकट्याने 'राम-लक्ष्मण'च राहिले, आणि त्याच नावाने पुढे १९८९ ला 'मैने प्यार किया'चं संगीत दिलं. नावाची किंमत काय असते बघा! आपल्याकडे मुलगा गल्ल्यावर बसला की पहिलं काम काय करतो, वडिलांच्या दुकानाची पाटी बदलून इंग्रजी नाव टाकतो. तीस वर्षांची ओळख एका फ्लेक्सखाली गाडून टाकतो.

आता माझी गोष्ट

दादांनी गुजरातीत 'पांडू हवालदार'चा 'चंदू जमादार' केला. १९८४ ला 'तेरे मेरे बीच में' काढून हिंदीत गेले, त्यानंतर आणखी काही हिंदी सिनेमे केले. पण मराठीत जे सिंहासन होतं ते हिंदीत मिळालं नाही. माझा अंदाज सांगते, तुम्हाला पटेल न पटेल. त्यांचा विनोद हा बोलीचा होता. शब्द एक, अर्थ दोन, आणि दुसरा अर्थ गावच्या माणसालाच पटकन कळणारा. तो माल दुसऱ्या बाजारात नेला की पाकीट तेच राहतं, चव बदलते.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते कारण मी तेच केलंय. २०१९ साली आईने उभं केलेलं मॅचिंग सेंटर छान चाललं होतं. माझ्या डोक्यात वारं शिरलं. वसई पश्चिमेला डिझायनर ब्लाउजचं बुटीक. ३२,००० भाडं, दीड लाख डिपॉझिट, काचेचा दरवाजा, दोन पुतळे, एक कारागीर पगारावर. मला वाटलं, कापड तर मला कळतं. कापड मला कळत होतं, तिथलं गिऱ्हाईक नाही. तिथल्या बायकांचे शिंपी पिढ्यांचे ठरलेले. ज्यांना डिझायनर पाहिजे त्या लग्नाच्या खरेदीला दादरला जात होत्या, आणि तिथेच शिवायला टाकत होत्या. विरारच्या दुकानात तीस सेकंदांत शेड काढून देणं ही माझी ताकद होती. बुटीकमध्ये ती ताकद कोणाला नकोच होती. तिथे बायकांना बसायला, चहा घ्यायला, चार डिझाइन बघायला वेळ होता, आणि मला गप्पा मारत विकायची सवयच नव्हती.

सातव्या महिन्यात मी सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवून कारागिराचा पगार दिला. आईला सांगितलं नाही. करारात लॉक-इन होतं ते मी नीट वाचलं नव्हतं, ब्रोकरने "ते फॉर्मॅलिटी असतं" म्हटलं आणि मी मान डोलावली. बीबीए! नवव्या महिन्यात बंद केलं. एकूण गेले ३ लाख ८० हजार. बांगड्या सोडवायला अडीच वर्षं लागली, कारण मधे लॉकडाऊन आला. आईला शेवटी कळलंच. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आधी दोन रविवार तिथे नुसती बसून आली असतीस तरी कळलं असतं." दोन रविवार. ३ लाख ८० हजारांच्या जागी दोन रविवार आणि रिक्षाभाडं.

नवीन जागी जाऊच नका असं मी म्हणत नाही. जायच्या आधी तुमची ताकद नेमकी कशात आहे हे लिहून काढा, आणि ती तिथे कोणाला हवी आहे का हे विचारा.

जे घ्यायचं नाही ते

दादांचं सगळंच डोळे झाकून उचलावं असं नाही. द्व्यर्थी विनोदाने गर्दी खेचली, पण त्याच कारणाने माझी आजी कधी आजोबांबरोबर त्यांचा सिनेमा बघायला गेली नाही. घरटी एक तिकीट खपलं, दुसरं राहिलं. ते दुसरं तिकीट कोणी काढायला लावलं माहितीये? दादांच्याच पुतण्याने. विजय कोंडके यांनी १९९१ साली 'माहेरची साडी' काढला. त्यात दादांच्या सिनेमातलं काहीच नाही. सासरचा छळ, रडणं, अलका कुबल. आणि बायका झुंडीने गेल्या. माझी आई मावश्यांबरोबर गेली होती, रुमाल घेऊन. आडनाव तेच, धंदा तोच, पण काकांनी सोडलेलं गिऱ्हाईक पुतण्याने उचललं. तुमच्या गल्लीतला सगळ्यात जोरात चालणारा दुकानदार कोणाला परत पाठवतो, यावर कधी लक्ष ठेवलंय? तो ज्याला परत पाठवतो ते गिऱ्हाईक तुमचं होऊ शकतं.

आणि दुसरं. निर्माता दादा, नट दादा, पुढे दिग्दर्शक दादा. १४ मार्च १९९८ ला दादा गेले आणि नाडीवाला नामा तिथेच थांबला. कलाकाराचं असंच असतं, त्याला इलाज नाही. पण किराणा दुकानाचं, पोळी-भाजी केंद्राचं असं होऊ देऊ नका. मला डेंग्यू झाला होता तेव्हा माझं दुकान अकरा दिवस बंद होतं. उधारीची वही माझ्या डोक्यात, कोणता माल कोणत्या फळीवर ते माझ्या डोक्यात, भिवंडीच्या व्यापाऱ्याचा भाव माझ्या डोक्यात. आता तीन वह्या काउंटरखाली असतात आणि माझी मदतनीस मुलगी आठवड्यातला एक दिवस एकटी दुकान चालवते. पहिल्या दिवशी तिने चुकीचं अस्तर तीन जणींना दिलं. दिलं तर दिलं.

त्या मुलाचं काय झालं

टोकन दिलं नाही. बाबांचे सात लाख मुदत ठेवीत. उरलेल्यातून त्याने दोन जुने प्लेस्टेशन आणि एक मोठा टीव्ही घेतला, मामाचा टेम्पो भाड्याने सांगितला, आणि सोसायट्यांच्या वाढदिवसांना, गणपतीच्या मंडपात, शनिवार-रविवार लावायला सुरुवात केली. नोकरी चालू आहे. मी त्याला एक वही दिलीय, तीन रकाने आखून: किती मुलं आली, किती जण दुसऱ्यांदा खेळायला रांगेत उभे राहिले, आणि किती जण दर ऐकून परत गेले. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो त्याचा रौप्यमहोत्सव.

गेल्या रविवारी तो दुकानात आला, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, मी एका ताईंना मोरपंखी दाखवत होते. काउंटरवर वही ठेवली. चार कार्यक्रम झाले होते. दुसऱ्या रकान्यात एक गंमत होती: परत परत रांगेत उभे राहणारे कॉलेजचे नव्हतेच, आठ ते बारा वयाची मुलं होती, आणि पैसे देत होत्या त्यांच्या आया. रात्री अकरापर्यंत चालणारा, काळ्या काचांचा जो गाळा त्याने बघून ठेवला होता, तिथे या आयांनी पोरांना पाठवलंच नसतं.

"मग आता दर काय ठेवू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या दोन कार्यक्रमांत एका ठिकाणी साठ लाव, एका ठिकाणी ऐंशी, आणि तिसरा रकाना भरून आण. तेवढ्यात त्या ताई म्हणाल्या, "अगं, माझ्या नातवाचा वाढदिवस आहे चौदा तारखेला. किती घेतोस रे तू?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मोरपंखीचा ताका गुंडाळत राहिले.